प्रथमपुरुषी कथेत 'मी' फार होतोय, आणि एक प्रसंग हाताबाहेर आहे

कच्चाखर्डा:
साडेतीन हजार शब्दांची कथा आहे. सांगणारी 16 वर्षांची मुलगी, सातारा जिल्ह्यातलं गाव. निम्मी वाक्यं 'मी'ने सुरू होतात. शिवाय घरात शेतीच्या वाटणीची बैठक होते तेव्हा ती शाळेत असते. तेवढाच भाग तृतीयपुरुषी लिहिला तर चालेल का?

अर्धविराम:
'मी' सरसकट गाळू नका. 'आबा उठले. बाहेर गेले.' यात बाहेर कोण गेलं? सांगणारी मुलगी असली की तिचं 'गेले' आणि आबांचं आदरार्थी 'गेले' एकच होतं. म्हणून आदरार्थी माणसाच्या लगेच पुढच्या वाक्यात 'मी' हवाच. 'दार उघडलं'मध्येही तेच, क्रियापद दाराप्रमाणे चालतं, कुणी उघडलं ते त्यातून कळत नाही. आधीच्या वाक्याचा कर्ता तीच असेल तिथे मात्र बिनधास्त गाळा. वर्तमानकाळात लिहीत असाल तर जास्त जपा: 'मी जाते', 'ती जाते', रूप तेच.

खरी काटछाट 'मी पाहिलं', 'मला जाणवलं' यांची करा. 'मी पाहिलं की आबांच्या हातात सातबारा होता' याऐवजी 'आबांच्या हातात सातबारा होता' पुरे. सांगणारी तीच आहे, तेव्हा पाहिलंही तिनेच. ती लपून बघत असेल, म्हणजे बघणं हीच घटना असेल, तर ठेवा.

शाईदौत:
बैठकीसाठी तृतीयपुरुषात जाऊ नका. हे कोण सांगतंय, असा प्रश्न पडला की वाचक आधीच्या पानांवरही शंका घेतो. मराठीत यासाठी 'म्हणे' आणि 'असावा' तयारच आहेत:

'चुलत्यांनी म्हणे विहिरीजवळचं रान मागितलं. आबा काही बोलले नसावेत. त्यांचा चहा सोप्यात तसाच होता, साय धरलेला.'

पहिलं वाक्य ऐकीव, दुसरं अंदाज, तिसरं तिने स्वतः पाहिलेलं. बैठक एवढ्यातच उभी राहते. 'म्हणे' परिच्छेदात एकदाच वापरा, कारण त्यात अविश्वासाची छटा असते आणि ओळीओळीला आला की टोमणा वाटतो. बैठकीचे पूर्ण संवादही देऊ नका. काकू येऊन सांगणार असेल तर ती स्वतःला लागलेलं एखादंच वाक्य सांगेल, बाकीचं गाळेल.

पानगळ:
त्याआधी एक ठरवा: ती 16व्या वर्षी सांगते आहे की चाळिशीत? चाळिशीत असेल तर 'हे मला फार पुढे कळलं' म्हणून बैठक सरळ सांगता येते, निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत हेही शोभतं. 16व्या वर्षी असेल तर 'अगतिकता' वगैरे शब्द तिच्या तोंडी येऊ देऊ नका. निर्णय पहिल्या परिच्छेदातच दिसू दे.

कच्चाखर्डा:
16व्या वर्षीच. मग निवेदनही बोलीत घेऊ का?

पानगळ:
घ्या, पण उच्चार जसेच्या तसे लिहायच्या फंदात पडू नका. शब्द आणि वाक्याची ठेवण बोलीतली, लेखन नेहमीचं. दर शब्दाला वाचक अडखळला तर पाचव्या पानापर्यंत पोचत नाही.