मुलाला मोटारसायकल शर्यतपटू व्हायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : तापीकाठ (रावेर)

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. व्यावसायिक मोटारसायकल शर्यतपटूच व्हायचे, असे त्याने दहावीच्या निकालानंतर निश्चयाने सांगितले. आमचे घर केळीच्या बागेवर चालते आणि या क्षेत्रातील कोणीही आमच्या नात्यात किंवा गावात नाही. त्याची जिद्द खरी आहे; तो पहाटे उठून व्यायाम करतो आणि जुन्या गाडीचे इंजिन स्वतः उघडून पुन्हा जोडतो. मला त्याला अडवायचे नाही, मात्र तो बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर मित्रांबरोबर गाडी पळवतो हे कळल्यापासून माझी झोप उडाली आहे. हा मार्ग रीतसर कसा धरावा, आणि त्यावर पोट भरते का?

उत्तर : गिरणाकाठ (चाळीसगाव)

भाऊ, रस्त्यावरचे पळवणे आजच बंद करा. गिअरच्या गाडीचा परवाना अठराव्या वर्षाआधी मिळत नाही, आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर येणाऱ्या रस्त्यावर शर्यतीचे काहीही शिकता येत नाही. शर्यतीचा परवाना वेगळा असतो. तो एफएमएससीआय ही मोटार क्रीडेची राष्ट्रीय संस्था देते. त्यासाठी वैद्यकीय तपासणी आणि अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते.

पुढे दोन वाटा आहेत. डांबरी ट्रॅकवरील शर्यतींची मुख्य केंद्रे चेन्नई आणि कोइमतूर ही आहेत. तेथे एकाच कंपनीच्या सारख्या गाड्यांवर होणाऱ्या स्पर्धा नवोदितांसाठी फार चांगल्या, कारण गाड्यांत फरक नसल्यामुळे चालवणाऱ्याचा हात दिसून येतो. दुसरी वाट मातीची, म्हणजे सुपरक्रॉस (उंचवट्यांच्या मातीच्या ट्रॅकवरील शर्यत) आणि रॅली (मोकळ्या रानातून लांब पल्ल्याची शर्यत) यांची. आपल्या भागातून नाशिक व पुणे जवळ पडत असल्याने मी हीच सुचवीन. केरळचा हरिथ नोआ सुपरक्रॉसमधूनच पुढे आला. २०२३ च्या डकार या वाळवंटातील जगप्रसिद्ध रॅलीत पाठीला दुखापत होऊन त्याला स्पर्धा सोडावी लागली, आणि २०२४ मध्ये त्याच रॅलीत त्याने रॅली-२ हा दुसऱ्या फळीचा वर्ग जिंकून एकूण क्रमवारीत अकरावे स्थान मिळवले.

पैशांबद्दल स्पष्ट सांगतो. पहिली काही वर्षे प्रवेश शुल्क, टायर, प्रवास आणि संरक्षक पोशाख यांचा खर्च घरातूनच जातो. नियमित मानधन मिळते ते टीव्हीएस किंवा हिरो यांसारख्या कंपनीच्या संघात निवड झाल्यावर, आणि तेथे जागा मोजक्याच असतात. मी स्वतः सहा वर्षे रॅली केल्या. त्या काळात माझे घर गॅरेजवरच चालले. तिसऱ्या रॅलीत उकाड्याला कंटाळून मी छातीचे कवच काढून ठेवले आणि पडून हासळीचे हाड मोडून घेतले. म्हणून गाडी जुनी चालेल, पण हेल्मेट, बूट आणि कवच यांत एक रुपयाही वाचवू नका.

उत्तर : अस्थितज्ज्ञ (भुसावळ)

वरील मताशी मी सहमत आहे. त्यात वैद्यकीय बाजू जोडतो. मोटोजीपी या ट्रॅकवरील सर्वोच्च शर्यतमालिकेतील स्पेनचा शर्यतपटू मार्क मार्केझ याचा उजवा दंड जुलै २०२० मध्ये मोडला, त्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०१९ नंतरचे पुढचे विश्वविजेतेपद त्याला थेट २०२५ मध्ये मिळाले. इतकी वर्षे धीर धरणे हाही या व्यवसायाचाच भाग आहे. डोक्याला मार लागल्यास डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पुन्हा गाडीवर बसू देऊ नका, आणि जोरात आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला. डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष २०२१ मध्ये त्याच रॅलीत पडला, तेव्हा त्याला औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले होते.

उत्तर : शिक्षिका (धुळे)

मुलाचे शिक्षण सोडवू नये, एवढी माझी विनंती आहे. आयटीआय किंवा अभियांत्रिकी केलेल्या मुलाला संघात यंत्रज्ञ म्हणूनही स्थान मिळू शकते. घरात मुलगी असल्यास तिलाही हे सांगा : ऐश्वर्या पिसे हिने २०१९ मध्ये एफआयएम या जागतिक मोटारसायकल संघटनेच्या बाहा (छोट्या रॅलींच्या) विश्वचषकातील महिलांचे विजेतेपद मिळवले.

तापीकाठ (रावेर)

आपण सर्वांनी आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. काल मुलाला शेजारी बसवून हे सारे वाचून दाखवले. गाडीची किल्ली त्याने स्वतःच माझ्याकडे दिली. चाळीसगावच्या भाऊंना एक विचारतो : नाशिकची पुढची स्पर्धा आम्ही दोघे आधी केवळ पाहायला गेलो, तर तेथे संघांच्या माणसांशी बोलू देतात का?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

देतात. सकाळी लवकर पोहोचा, त्या वेळी गाड्यांची तपासणी चालू असते आणि विचारणाऱ्याला माणसे मोकळेपणाने सांगतात. मीही येईन.