मदत हवी आहे: ब्रेक डिस्कचा स्क्रू निघत नाही

नमस्कार मंडळी, गाडीच्या पुढच्या ब्रेक डिस्क बदलायला घेतल्यात. कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग), त्याचा ब्रॅकेट सगळं सुटलं, पण डिस्क हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) धरून ठेवणारा चपट्या डोक्याचा स्टार स्क्रू काही हलत नाही. गाडी रत्नागिरीत समुद्राजवळ उभी असते, त्यामुळे गंज भरपूर. त्यात डोक्याची खाच आधीच कुणीतरी खाऊन ठेवलीय! हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोकलं की स्क्रू फिरवणारा) आणू, की सरळ डोकं ड्रिलने उडवू?

दुसरं, हा स्क्रू चाक काढल्यावर डिस्क जागेवर राहावी एवढ्यासाठीच ना? खरी पकड चाकाच्या नटांची. मग परत नाही लावला तर चालेल? मेकॅनिक म्हणतो, हवाच.

डिस्कला आट्यांची दोन भोकं आहेत. त्यात ८ मिमीचे बोल्ट पिळून डिस्क बाहेर ढकललीय का कुणी?