सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलचं बेसबॉल एवढं मोठं कसं झालं?

मेसनकर
नमस्कार मंडळी. आम्ही सिनसिनाटीच्या उत्तरेला मेसनमध्ये राहतो, मुलगा सहावीत आहे आणि त्याला बेसबॉलचं जबरदस्त वेड लागलंय. आता त्याने डोक्यात घेतलंय की हायस्कूलला जायचं तर आर्चबिशप मोलरलाच, कारण बेसबॉलचा स्टार केन ग्रिफी ज्युनियर तिथला. मी आयुष्यभर क्रिकेट बघितलेला माणूस, त्यामुळे मला या शाळेचा इतिहास खरंच समजून घ्यायचाय. शाळा १९६० ची, म्हणजे इथल्या मानाने काही फार जुनी नाही, मग तिथून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, दोन-दोन जण कसे काय गेले? ग्रिफी आणि बॅरी लार्किन शाळेत एकत्र खेळले का? आणि ऑफिसात एकजण म्हणाला की कॅथलिक शाळा चांगली पोरं बाहेरून उचलतात, ते कितपत खरं? नुसती यादी नको, जरा नीट सांगा कोणीतरी.

लालमोजे
मेसनकर, चांगला विषय काढलात. आधी सोपं उत्तर, एकत्र नाही खेळले. लार्किन १९८२ ला बाहेर पडला आणि ग्रिफी १९८७ ला, आणि त्याच वर्षी सिएटल मरिनर्सने त्याला ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) अख्ख्या देशात पहिला उचलला. लार्किनला रेड्सनी (आपली सिनसिनाटीची व्यावसायिक टीम) शाळेतूनच दुसऱ्या राउंडला घेतलं होतं पण तो सही न करता मिशिगन युनिव्हर्सिटीत गेला आणि १९८५ ला पुन्हा रेड्सनीच घेतला, मग १९ सीझन सगळे इथेच. पण गंमत अशी की २००० ला ग्रिफी ट्रेड होऊन रेड्सकडे आला आणि २००४ पर्यंत एकाच टीममध्ये शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली जागा) मोलरचा आणि सेंटर फील्डलाही मोलरचा, तेही स्वतःच्याच गावात. मला अजून विचार केला तरी भारी वाटतं.

आता कसं झालं ते. ही शाळा मेरियनिस्ट या कॅथलिक संस्थेची, फक्त मुलांची, आर्चबिशप हेन्री मोलर यांच्या नावाने. सुरुवातीच्याच बॅचेसमध्ये बडी बेल होता, १९६९ चा. त्याचे वडील गस बेल पन्नासच्या दशकात रेड्सकडून खेळायचे आणि घर इथेच होतं. पुढे बडीची मुलं डेव्हिड आणि माइक तीही मोलरची आणि तीही मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, डेव्हिड तर २०१९ ते २०२४ रेड्सचा मॅनेजर होता. ग्रिफीचं तसंच, वडील १९७५-७६ ला वर्ल्ड सिरीज जिंकणाऱ्या रेड्स टीममध्ये. म्हणजे आपल्याकडे सचिनला मुद्दाम शाळा बदलून शारदाश्रमात घातला तसं प्रत्येक वेळी कोणी शोधून आणलेलं नाही, ज्या घरांत बेसबॉल आधीच होतं ती घरं याच शहरात राहत होती आणि शाळा त्यांच्या टप्प्यात होती. पहिली उघडपणे व्यावसायिक टीम १८६९ ला याच गावात उभी राहिली, इथे या खेळाचं काय स्थान आहे ते तुम्ही ओपनिंग डेच्या (सीझनच्या पहिल्या दिवसाच्या) परेडला बघितलंच असेल.

बारावा_गडी
लालमोजेंनी स्टार लोकांचं सांगितलं पण एक गोष्ट राहिली आणि माझ्या मते तीच मुख्य आहे. मोलरने स्टेट चॅम्पियनशिप जिंकली ती वर्षं बघा: १९७२, १९८९, १९९३, २००४, २००९, २०१२, २०१३, २०१५. यात लार्किनचं एकही वर्ष नाही आणि ग्रिफीचंही नाही! दोघंही स्टेट टायटल न जिंकताच बाहेर पडले. सात इनिंगच्या नॉकआउट मॅचेस असतात, एका दिवशी समोरचा पिचर चालला की कितीही मोठा बॅटर असला तरी घरी जायचं. टायटल येतात ती तीन-चार भरवशाचे पिचर आणि चुका न करणारं इनफील्ड (बेसजवळचे फील्डर) असलं की, आणि ते घडवणारा माणूस म्हणजे कोच माइक कॅमेरॉन. ते साठच्या दशकाच्या शेवटापासून २००८ पर्यंत तिथेच होते, पहिली चार टायटल्स त्यांचीच. बडी बेलपासून ब्रेंट सूटरपर्यंत पिढ्याच्या पिढ्या एकाच माणसाच्या हाताखालून गेल्या. नंतर टिम हेल्ड आले आणि पुढची चार त्यांच्या काळातली.

सूटरचं नाव मुलाला नक्की सांगा. २००८ चा डावखुरा पिचर, बॉल काही फार जोरात टाकत नाही, हार्वर्डला शिकला, ३१ व्या राउंडला ड्राफ्ट झाला आणि तरीही मेजर लीगमध्ये टिकला, रेड्सकडूनही खेळला. माझ्या पोराला मी ग्रिफीपेक्षा त्याचे व्हिडिओ जास्त दाखवते.

डेटनची_सुलू
बाहेरून उचलतात या मुद्द्यावर लिहिते. तक्रार जुनी आहे आणि फक्त मोलरबद्दल नाही, खाजगी शाळा प्रमाणाबाहेर टायटल्स नेतात म्हणून ओहायोतल्या शाळांनी २०१४ ला मतदान करून नियम केला, विद्यार्थी कुठून येतात त्यावर शाळेचा विद्यार्थीसंख्येचा आकडा वाढवून तिला वरच्या डिव्हिजनला टाकायचं, २०१७-१८ पासून लागू झाला. पण मोलर आधीपासूनच सगळ्यात वरच्या गटात खेळत आलीये, त्यामुळे या नियमाने तिला विशेष फरक पडायचं कारण नाही. आणि लीगमध्येही एल्डर, सेंट झेवियर, ला साल याच कॅथलिक शाळा समोर असतात. एल्डरला हलक्यात घेऊ नका, मोलरच्या कितीतरी आधीपासून स्टेट जिंकतायत ते.

एप्रिलमध्ये एक मोलर-एल्डर मॅच बघून या. बोटं गारठतात, ब्लँकेट घेऊन बसावं लागतं, पण मॅचच्या आधीचं इनफील्ड वॉर्मअप चुकवू नका. कोच ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा बॉल) मारतो, शॉर्टस्टॉप उचलून फर्स्टला फेकतो, फर्स्टवाला लगेच कॅचरकडे, तोवर कोचने थर्डला दुसरा बॉल मारलेला असतो. कोणी ओरडत नाही, सगळं पाठ असल्यासारखं. शाळेत काय शिकवतात ते तिथे दिसतं.

मेसनकर
सगळ्यांचे खूप आभार! टायटलचं तर अजिबात माहीत नव्हतं, मुलाला सांगितलं तर विश्वासच ठेवेना. सुलूताई, एक शंका, इथली थंडी बघता शाळेचा सीझन मार्चअखेर ते जूनचा पहिला आठवडा, एवढ्यात पोरं तयार कशी होतात?

लालमोजे
मीच सांगतो. शाळेत अर्धंच होतं, बाकीचं उन्हाळ्यात. सिनसिनाटीत हौशी बेसबॉल खूप जुनं आहे, मिडलँड नावाची टीम प्रसिद्ध, लार्किन आणि ग्रिफी दोघंही तिथे खेळलेत. त्यात सगळ्या शाळांची पोरं एकत्र असतात, म्हणून सरकारी शाळाही मागे नव्हत्या, रेड्सचा दिग्गज पीट रोझ वेस्टर्न हिल्स या सरकारी शाळेचा, डॉन झिमरही तिथलाच. तेव्हा मोलरचं ठरेल तेव्हा ठरेल, मुलाला आत्तापासून चांगल्या समर टीममध्ये घाला, आणि सहावीत रोज रोज पिचिंग करू देऊ नका, खांद्याची काळजी घ्या.