गुहेच्या नकाशात चिन्हं टाकायला इंकस्केप (रेखाचित्रं काढायचं सॉफ्टवेअर), कसं करता?

डोंगरवेडा: मेघालयातल्या एका चुनखडीच्या गुहेचं सर्व्हे स्केच स्कॅन करून इंकस्केपमध्ये आखतोय, भिंती झाल्या पण पडलेले दगड, लवणस्तंभ, पाण्याचे बाण दर वेळी कॉपी-पेस्ट करून वैताग आलाय आणि लहान-मोठं केलं की रेघेची जाडीपण बदलते. काय करू?

रानवाटा: कॉपी-पेस्ट सोडच. चिन्ह एकदा नीट काढ, ऑब्जेक्ट मेनूतून सिम्बॉल कर, मग कंट्रोल-शिफ्ट-वाय दाबून पॅनेलमधून ओढून टाकत जा. मूळ बदललं की नकाशाभर बदलतं. पण टाकल्यावर ताणू नकोस, जाडी तिथेच बिघडते, साईज आधीच ठरव.

मीनल_पुणे: कड्याला मात्र सिम्बॉल नको. रेघ (पाथ) काढ आणि पाथ इफेक्टमधलं पॅटर्न अलाँग पाथ लाव, म्हणजे रेघेवर ओळीने दातरे (छोट्या आडव्या रेघा) बसतात. दातरे खोल बाजूलाच हवेत हं, उलटे आले तर पाथ रिव्हर्स कर, नाहीतर वाचणाऱ्याला खड्डा भलत्याच बाजूला दिसेल, गुहेत हे जिवावर बेतू शकतं!

रानवाटा: +१. आणि चिन्हं मनाने काढू नकोस, यूआयएसची (आंतरराष्ट्रीय गुहाशास्त्र संघ) १९९९ची आंतरराष्ट्रीय यादी आहे तीच वापर. गुहा फार लांब असेल तर थेरियन हे गुहांचे नकाशे करायचं सॉफ्टवेअर बघ, फुकट आहे, ही चिन्हं त्यात तयारच मिळतात आणि मोजमाप सुधारलं की चित्रपण आपोआप सरकतं.

डोंगरवेडा: भारी, आज रात्रीच कड्यापासून सुरू करतो.