नावातलं ‘युरोपियन’ आणि जर्नलची व्याप्ती

‘संशोधनाचे लेख छापणाऱ्या जर्नलच्या नावात युरोपियन असलं की तिथे आपल्या भारतीयांच्या लेखांना वाव नाही’ असं काहींचं मत असतं. मला ते निदान भौतिकशास्त्राच्या बाबतीत तरी पटत नाही. ‘युरोपियन फिजिकल जर्नल’चंच बघा. जर्मनीचं ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’, फ्रान्सचं ‘जुर्नाल द फिजीक’ आणि इटलीचं ‘इल नुओवो चिमेंतो’ यांचे विभाग एकत्र करून ते 1998 मध्ये सुरू झालं. ‘युरोपियन’ हा शब्द त्या एकत्र येण्यातून आलाय, लेखकाच्या पासपोर्टशी त्याचा काही संबंध नाही. यातल्या जर्मन जर्नलनेच तर 1924 मध्ये ढाक्याहून लिहिणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांचा लेख छापला होता, आइनस्टाइननी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून पाठवलेला!

खरी अडचण होते ती नावापुढच्या अक्षराची, कारण या जर्नलचे विषयांनुसार वेगवेगळे विभाग आहेत आणि प्रत्येकाला एक अक्षर आहे. अणुकेंद्र आणि हॅड्रॉन (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखे कण) असतील तर ‘ए’, घनपदार्थ ‘बी’, मूलकण ‘सी’, अणू-रेणू आणि प्रकाश ‘डी’, जेल-कोलॉइडसारखे मऊ पदार्थ ‘ई’. कोलॉइडवरचं उत्तम काम ‘सी’कडे पाठवलं तर ते रेफरीपर्यंत (लेख तपासणाऱ्या तज्ज्ञापर्यंत) पोचणारच नाही, संपादकाच्या टेबलावरूनच परत येईल. म्हणून विद्यार्थ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: जर्नल कुठल्या विषयांवरचे लेख घेतं ते सांगणारं ‘एम्स अँड स्कोप’चं पान वाचाच, आणि त्या विभागाचे अलीकडचे दोन-तीन अंकही चाळा.