मदत हवी आहे: लेकीला नार्निया कोणत्या क्रमाने वाचून दाखवू?

मंडळी, शाळेत असताना सी. एस. लुईसच्या नार्निया या जादुई देशाच्या गोष्टींची पारायणं केली होती. आता लेकीला रात्री वाचून दाखवायला सातही पुस्तकं पुन्हा हातात घेतलीत आणि गोंधळ उडालाय.

पहिली शंका क्रमाची. आमच्या संचात 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं आहे, पण ते आलं १९५५ मध्ये. कपाटातून बर्फाळ नार्नियात नेणारं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० चं. नार्नियाचा जन्म आधीच कळला, तर जंगलातल्या त्या दिव्याच्या खांबाचं गूढच संपतं, असं मला वाटतं. तुम्ही काय केलंत?

दुसरं जास्त अवघड. त्यात मिठाईपायी भावंडांशी दगा करणारा एडमंड लहानपणी निव्वळ खादाड वाटायचा. ब्रिटनमध्ये गोड खाऊवर १९५३ पर्यंत रेशन होतं हे आता माहीत आहे. टर्किश डिलाइट या मिठाईसाठी पोरगं फितूर होणारच की! पण शेवटच्या पुस्तकात ('द लास्ट बॅटल') लिपस्टिक, नायलॉन्स आणि आमंत्रणांपायी त्याची बहीण सुझन नार्नियाला परकी होते, ते वाचून चिडचिड झाली. 'द हॉर्स अँड हिज बॉय'मधले कॅलोर्मेन देशातले सावळे, पागोटेवाले, क्रूर लोकही खटकले. (वर्णन आमच्या पणजोबांच्या फोटोला लागू पडेल!) अराविससारखी धीट मुलगी त्यांच्यातलीच, हेही खरं.

लेक नऊ वर्षांची आहे, प्रश्न विचारून भंडावते. हे भाग गाळावेत, की वाचून मग बोलावं? कुणी बोललं असेल, तर मुलांना नेमकं काय सांगितलंत तेही लिहा. आणि 'द लास्ट बॅटल' अजून दोनेक वर्षं लांबवू का?