७९५०एक्सचं तापमान: आधी क्लॉक बघा

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र बनवणं) लावला की एएमडीचा रायझेन ९ ७९५०एक्स प्रोसेसर लगेच ९५ अंशांवर जातो, म्हणून नवा कूलर घ्या असा सल्ला दिला जातो. कृपया एवढ्यात पैसे घालू नका. ही चिप ९५ अंशांवर चालत राहील अशीच बनवलेली आहे. कूलर चांगला असला की ती जास्त वीज ओढते आणि बहुतेक वेळा पुन्हा तिथेच पोचते.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून अर्धा तास रेंडर चालू द्या. सगळ्या कोअरचा वेग ४.५ गिगाहर्ट्झ या बेस क्लॉकच्या (ठरलेल्या मूळ वेगाच्या) वर टिकला, तर ते थ्रॉटलिंग, म्हणजे उष्णतेमुळे वेग कमी होणं, नव्हेच. खाली घसरत असेल तर लिक्विड कूलरचा पंप, थर्मल पेस्ट आणि हो, कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म तपासा.

माझं ठाम मत: बायोसमध्ये १०५ वॅटचा इको मोड (कमी विजेवर चालवायची सेटिंग) लावाच. नाव १०५ वॅटचं असलं तरी सॉकेटमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा २३० वरून १४२ वॅटवर येते. शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे वॅट इतके छाटूनही रेंडरचा वेळ त्या मानाने कमीच वाढतो. कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी-जास्त करायची बायोसमधली सेटिंग) मात्र हळूहळू खाली न्या, दर टप्प्याला लांब रेंडर करून बघा.